दर ऑगस्टात मरणारा मॅटी ग्रोव्हज

ऑक्सफर्डशरमधल्या क्रोप्रेडी या खेड्याबाहेर एक मोठं शेत आहे. ऑगस्टमधल्या एका शनिवारी मध्यरात्र जवळ आली की तिथे दोन खून पडतात. सरदार परगावी गेलेला असतो. त्याची बायको सणाच्या दिवशी चर्चमध्ये मॅटी ग्रोव्हज नावाच्या पोराला हेरते आणि रात्री घरी घेऊन येते. नोकर ते ऐकतो आणि धापा टाकत धन्याकडे पळतो. पहाटे मॅटी डोळे उघडतो तेव्हा पलंगाच्या पायथ्याशी सरदार उभा. लढाई दोन घावांची. मग सरदार बायकोला मांडीवर बसवून विचारतो, आता सांग, कोण आवडतो, मी की तो? ती म्हणते, मेलेला मॅटी. दुसरा खून तिचा. दोघांना एकाच खड्ड्यात पुरायचं ठरतं, फक्त बाईला वर ठेवायचं, कारण ती खानदानी!

समोरच्या गर्दीला हे सगळं तोंडपाठ असतं. त्यात साठी उलटलेले खूप, खांद्यावर नातवंडं घेतलेले काही, आणि बरेच पंचविशीतलेही. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या ब्रिटिश बँडने हे गाणं १९६९मध्ये रेकॉर्ड केलं, आणि आजही त्यांच्या क्रोप्रेडीच्या कार्यक्रमाच्या शेवटाकडे ते येतंच. एका खेड्याच्या शेतातल्या या जत्रेला वीस हजारांपर्यंत माणूस जमलेला आहे. मंच एकच. त्यामुळे इकडे कोण वाजवतंय आणि तिकडे कोण, अशी धावपळ नाही. सगळे एका वेळी एकच गोष्ट ऐकतात.

याचं ठरलेलं स्पष्टीकरण म्हणजे स्मरणरंजन. म्हाताऱ्यांची जत्रा, तरुणपणीची गाणी, बिअर आणि घोंगडी. या स्पष्टीकरणात आळस आहे. स्मरणरंजनाला ठरावीक माणसं लागतात, तोच गायक, तोच गिटारवाला, निदान तोच चेहरा. रोलिंग स्टोन्समधून मिक जॅगर काढला तर उरतो तो नकलाकारांचा संच. ब्रिटिश फोक-रॉकमध्ये, म्हणजे रॉकच्या वाद्यांवर बसवलेल्या लोकगीतांत, हे गणित लागू पडत नाही.

फेअरपोर्टचाच हिशेब मांडून पाहा. बँड १९६७मध्ये लंडनच्या मझवेल हिल भागात जमला. ज्या घरात तालमी व्हायच्या त्या घराचं नाव फेअरपोर्ट. १२ मे १९६९ला बर्मिंगहॅमचा कार्यक्रम आटोपून परतताना एम-१ महामार्गावर त्यांची व्हॅन उलटली. एकोणीस वर्षांचा ड्रमर मार्टिन लँबल आणि जीनी फ्रँकलिन ही मैत्रीण त्यात गेली. उरलेल्यांनी हॅम्पशरमधल्या फार्ली चेंबरलेन इथे एक घर भाड्याने घेतलं आणि जुनी इंग्लिश-स्कॉटिश कथागीतं इलेक्ट्रिक गिटार, ड्रम्स आणि डेव्ह स्वॉरब्रिकच्या व्हायोलिनवर बसवली. त्यातून 'लीज अँड लीफ' हा अल्बम आला. डिसेंबर १९६९मध्ये तो दुकानांत पोहोचला तोवर त्याची गायिका सँडी डेनी आणि बेसवादक अ‍ॅशली हचिंग्ज हे दोघंही बँड सोडून गेले होते. पुढे गिटारवादक रिचर्ड थॉम्प्सन गेला. १९७१ संपता संपता सायमन निकोलही गेला, आणि त्यानंतर काही वर्षं फेअरपोर्टमध्ये स्थापनेच्या वेळचा एकही माणूस नव्हता. तरी तो फेअरपोर्टच होता. हचिंग्जने १९६९मध्येच उभ्या केलेल्या स्टीलआय स्पॅनची तीच तऱ्हा. मॅडी प्रायर म्हणजे त्या बँडचा आवाज असं सगळे मानतात, पण १९९७ ते २००२ ती त्यात नव्हती आणि बँड चालूच राहिला.

दिंडीत वीणेकरी बदलतात, वीणा जमिनीवर टेकत नाही. इथेही काहीसं तसंच आहे. गाणं बँडच्या आधीचं आहे. 'मॅटी ग्रोव्हज' हे अभ्यासक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी एकोणिसाव्या शतकात छापलेल्या ३०५ कथागीतांपैकी ८१वं, 'टॅम लिन' ३९वं. स्टीलआय स्पॅनला १९७३मध्ये हिट मिळवून दिलेलं 'गौदेते' तर १५८२च्या एका लॅटिन गीतसंग्रहातलं, आणि तेही वाद्यांशिवाय, नुसत्या आवाजांवर. ज्या गाण्याने चारशे वर्षांत हजार गळे पाहिले त्याला एक गायिका गेल्याने काही होत नाही. श्रोताही मूळ प्रत ऐकायला आलेला नसतो, कारण मूळ प्रत नावाची वस्तूच नाही. तो या वर्षीची प्रत ऐकायला येतो. या बँडांची ओढ टिकली आहे ती यामुळे, आणि त्यांचे कार्यक्रम कसे ऐकवावेत, कसे चित्रित करावेत, कसे जपावेत याची उत्तरंही यातूनच निघायला हवीत. तिथे मात्र वारंवार माती खाल्ली गेली आहे.

त्याआधी एक आक्षेप, कारण तो खरा आहे. गाणं कुणाचंच नाही हे म्हणायला सोपं, पैसे मात्र कुणाला तरी मिळतात. ब्रिटिश अल्बमांवर गीतकाराच्या जागी 'पारंपरिक, मांडणी अमुक' असं छापतात आणि मानधन मांडणी करणाऱ्याच्या नावावर जमा होतं. नॉरफोकचा हॅरी कॉक्स किंवा लिंकनशरचा जोसेफ टेलर अशा ज्यांच्या गळ्यात ही गाणी जगली, त्यांची नावं पाठीमागच्या टिपेत. लोकगायक मार्टिन कार्थीने लंडनच्या क्लबांत गायलेल्या 'स्कारबरो फेअर'ची मांडणी पॉल सायमनने उचलली आणि रेकॉर्डवर श्रेय आपलं लावलं. ती अढी सुटायला २००० साल उजाडलं, तेव्हा दोघं लंडनमध्ये एका मंचावर ते गाणं गायले. म्हणजे 'सार्वजनिक' गाण्याचं मालकीपण गुपचूप खासगी होऊ शकतं, आणि फोक-रॉकने ते पुष्कळदा केलं.

दुसरा धोका याहून वाईट. कुणाचंच नसलेलं गाणं 'आमच्याच लोकांचं' म्हणून पळवता येतं. ब्रिटिश नॅशनल पार्टी या अतिउजव्या पक्षाने लोकसंगीताला आपल्या झेंड्याखाली ओढायचा प्रयत्न केला, तेव्हा २००९च्या सुमारास कलावंतांनीच 'फोक अगेन्स्ट फॅसिझम' ही मोहीम उभी केली. पण सगळ्यात चोख उत्तर त्याआधीच, २००७मध्ये, 'इमॅजिन्ड व्हिलेज' या संचाने दिलं होतं. त्यात मार्टिन कार्थी आणि त्याची लेक एलायझा, त्यांच्या जोडीला जॉनी कलसीचा ढोल, शीमा मुखर्जीची सतार, शीला चंद्राचा आवाज. कवी बेंजामिन झेफनायाने त्यात 'टॅम लिन' नव्याने सांगितलं. परीराणीच्या कैदेतला तरुण आता आश्रय मागणारा निर्वासित झाला, आणि जादूचं रान म्हणजे आजचं शहर. गाणं मोडलं नाही. उलट मूळ कथेतली बाई त्या तरुणाला का घट्ट धरून ठेवते, हे तिथे जास्त कळतं.

आता मंचावर या. कारण ही सगळी तत्त्वं साउंडवाल्याच्या टेबलाशी येऊन खरी किंवा खोटी ठरतात.

कथागीतात शब्द ऐकू आले नाहीत तर काहीच ऐकू आलं नाही. रॉकच्या गाण्यात ध्रुवपद कळलं की भागतं. इथे सतराव्या कडव्यात खून आहे, आणि नोकराने चुगली केल्याचं सातवं कडवं निसटलं तर खुनाला अर्थ उरत नाही. इंग्रजीतली व्यंजनं मुख्यतः दोन ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात कळतात, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात इलेक्ट्रिक गिटारची धार असते. अननुभवी साउंडवाला अशा वेळी गायिकेचा आवाज चढवतो. मग मॉनिटरमधून, म्हणजे गाणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून, शिट्टी येते, तो दचकून सगळंच खाली ओढतो, आणि मागच्या रांगांना पुढची चार कडवी नुसता ड्रम ऐकू येतो. बरोबर उपाय उलटा. गिटारच्या त्या पट्ट्यात तीन-चार डेसिबलची कपात करायची आणि गिटारवाल्याने कडवं चालू असताना हात आवरायचा. 'लीज अँड लीफ'वरचं 'मॅटी ग्रोव्हज' आठ मिनिटांचं आहे. नीट ऐकलं तर लक्षात येतं की गिटार-व्हायोलिनची जुगलबंदी गोष्ट पूर्ण संपल्यावरच सुटते, दोघं पुरले गेल्यानंतर. कथेच्या मध्ये कुणी तान घेत नाही. कीर्तनकाराला हे शिकवावं लागत नाही. रॉक गिटारवाल्याला लागतं.

व्हायोलिनचं दुखणं वेगळं. ड्रम्सशेजारी त्याच्यासमोर साधा माइक ठेवला तर माइकमध्ये व्हायोलिनपेक्षा झांजाच जास्त शिरतात. म्हणून घोडीवर पिझो पिकअप, म्हणजे लाकडाचा कंप थेट टिपणारी चकती, लावतात. पिझोला पुढच्या यंत्राचा अडथळा निदान एक मेगाओहम लागतो. तो सरळ दहा किलोओहमच्या लाइनमध्ये खुपसला की खालचे स्वर गळतात आणि व्हायोलिन पत्र्याच्या डब्यासारखं वाजतं. लोक त्याचं खापर वादकावर फोडतात. दोष मध्ये नसलेल्या प्रीअँपचा, म्हणजे हा अडथळा जुळवून देणाऱ्या छोट्या यंत्राचा. व्हायोलिनची सर्वांत खालची तार १९६ हर्ट्झची, म्हणून दीडशेच्या खालचं सगळं निर्धास्त कापावं. तिथे संगीत नाहीच, फक्त मंचाची धमधम आहे. अकूस्टिक गिटारचा नाठाळपणा शंभर आणि दोनशे हर्ट्झच्या आसपास असतो, पेटीतली हवा आणि वरची फळी तिथे घुमतात. भोकावर रबरी झाकण, त्या दोन जागी अरुंद कपात, आणि मॉनिटर गिटारच्या तोंडासमोर न ठेवणं, एवढ्यावर नव्वद टक्के काम भागतं.

कॉन्सर्टिना हे दोन हातांत धरून वाजवायचं भात्याचं छोटं वाद्य या सगळ्यांत फसवं. इंग्लिश कॉन्सर्टिनात सरगमेचे स्वर एक डाव्या हाताला, पुढचा उजव्या हाताला असे वाटलेले असतात. समोर एकच माइक थोडा एका बाजूला लावला की धून एक स्वर मोठा, एक लहान अशी लंगडत चालते. दोन्ही बाजूंना दोन छोटे क्लिपमाइक लागतात, आणि भाता हलतो म्हणून ते वाद्यालाच चिकटवावे लागतात. जत्रेत दोन बँडांच्या मध्ये अर्ध्या तासात हे सगळं जुळवायचं, तेही इंग्लंडच्या दमट संध्याकाळी, जेव्हा तारा उतरत असतात.

इलेक्ट्रिक गिटार आणि ही जुनी गाणी एकमेकांना इतकी मानवतात कशी, याचं एक कारण मराठी कानाला पटकन कळेल. या धुना पाश्चात्त्य मेजर-मायनरमध्ये नीट बसत नाहीत. पुष्कळशा ज्या स्वरसप्तकांत आहेत त्यांना तिकडे डोरियन आणि मिक्सोलिडियन म्हणतात. आपले काफी आणि खमाज थाट. त्यांच्याखाली भरगच्च कॉर्ड वाजवला की त्यातला गंधार धुनेला टोचतो, कधी तर तिला भलत्याच घराण्यात नेऊन बसवतो. फोक गिटारवाल्यांनी यातून सुटका शोधली ती तारा वेगळ्या लावून. डेव्ही ग्रॅहमने रूढ केलेल्या डॅडगॅड या जुळणीत मोकळ्या तारा छेडल्या की गंधार येतच नाही, षड्ज-पंचम घुमत राहतात. दुसरीकडे रॉकवाले स्वतःच्या कारणाने तिथेच आले होते: आवाज फाडलेल्या अँपवर गंधारासह कॉर्ड वाजवला की चिखल होतो, म्हणून ते नुसता सा आणि प वाजवायचे. तंबोऱ्याजवळ दोघं वेगवेगळ्या वाटांनी पोहोचले आणि तिथे त्यांची गाठ पडली. १९६९मध्ये जे घडलं ते बंडखोरीपेक्षा या योगायोगाने जास्त घडलं, असं मानायला जागा आहे.

ड्रमरचा वाटाही सहसा कुणी सांगत नाही. लँबलच्या जागी आलेला डेव्ह मॅटॅक्स नाचघरांच्या बँडांत वाजवून आलेला, लोकसंगीताशी फारसा संबंध नसलेला. पण रील या जलद नाचाच्या धुनेखाली ठेका अर्ध्या गतीत ठेवायचा, म्हणजे वर व्हायोलिन पळतं आणि खाली पाय जमिनीवर राहतो, हे त्याला जमलं. ज्यांना जमत नाही ते रीलच्या प्रत्येक स्वराबरोबर धावतात, आणि तीन मिनिटांत सगळा बँड लग्नाच्या वरातीसारखा हाताबाहेर जातो. पेंटँगल या बँडचा ड्रमर टेरी कॉक्स दुसऱ्या टोकाचा. जाझमधून आलेला, हलक्या हाताचा; बर्ट जान्श आणि जॉन रेनबोर्न यांच्या गिटारी आणि डॅनी थॉम्प्सनचा उभा बेस त्याच्या ड्रम्सवरून ऐकू यायचा. त्यांचं 'लाइट फ्लाइट' पाच आणि सात मात्रांच्या तुकड्यांतून उड्या मारत जातं आणि तरी ते एका बीबीसी मालिकेचं शीर्षकगीत झालं. सामान्य प्रेक्षकाला विषम ताल झेपत नाहीत म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

या सगळ्याची किंमतही मोजावी लागली. वर्षानुवर्षं त्या आवाजाशेजारी उभं राहून स्वॉरब्रिकचे कान गेले, आणि १९७९मध्ये फेअरपोर्ट थांबण्यामागे ते एक कारण होतं. निरोपाचा कार्यक्रम क्रोप्रेडीलाच झाला, ४ ऑगस्ट १९७९ला. निरोप कसला, पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा भेट झाली आणि ती प्रथा पडली. स्वॉरब्रिकचं एक सांगायलाच हवं. १९९९मध्ये एका मोठ्या लंडनच्या दैनिकाने तो जिवंत असताना त्याचा मृत्युलेख छापला. त्याने तो रुग्णालयात वाचला, आणि पुढे त्याच्याच प्रतींवर सह्या करून त्या विकल्या. तो खरोखर गेला २०१६मध्ये.

मराठी वाचकांपैकी अनेकांना हा प्रकार जेथ्रो टलमुळे ठाऊक असतो. तो बँड मुंबईत येऊन वाजवून गेला आहे, १९७७चं 'साँग्ज फ्रॉम द वुड' इथल्या कॅसेटवाल्या पिढीच्या कपाटात होतं, आणि फेअरपोर्टचा बेसवादक डेव्ह पेग १९७९पासून बरीच वर्षं टलमध्येही वाजवत होता. पण टलची गाणी इअन अँडरसनची, त्याची स्वतःची. तो नसेल तर टल नाही. फरक तिथेच आहे.

आता चित्रपट. इथे रागवायला पुरेसं कारण आहे.

फोक-रॉक पडद्यावर आणायला एक साधी अडचण होती, ती म्हणजे रिळाची लांबी. सोळा मिलिमीटर फिल्मचं नेहमीचं रीळ चारशे फुटांचं. एका फुटात चाळीस चौकटी, सेकंदाला चोवीस. म्हणजे अकरा मिनिटं आणि काही सेकंद. ब्रिटिश टीव्हीच्या पंचवीसच्या वेगाने पावणेअकरासुद्धा नाहीत. फेअरपोर्टचं 'अ सेलर्स लाइफ' रेकॉर्डवर अकरा मिनिटांहून जास्त भरतं. एका कॅमेऱ्यावर ते गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत मावतच नाही. दोन कॅमेऱ्यांची रिळं पाच-सहा मिनिटांच्या अंतराने सुरू केली तर निभावतं, पण त्यासाठी गाणं किती लांब आहे हे दिग्दर्शकाला आधी ठाऊक हवं. ठाऊक नसलं की ऐन सतराव्या कडव्यात रीळ संपतं आणि संकलक त्या भोकावर गवतात नाचणाऱ्या मुलीचं दृश्य चिकटवतो. त्या काळच्या जत्रांच्या चित्रपटांत इतक्या नाचणाऱ्या मुली का दिसतात, याचं निम्मं उत्तर या हिशेबात आहे.

टोनी पामरने १९७०मध्ये मेडस्टन इथे फेअरपोर्टचं केलेलं चित्रण म्हणूनच मोलाचं. तोवर सँडी बँड सोडून गेलेली. थॉम्प्सन, स्वॉरब्रिक, निकोल, पेग आणि मॅटॅक्स हे पाच जण उघड्या मैदानावर. वाजवणारी माणसं एकमेकांकडे बघत वाजवतात, हे त्यात दिसतं. पुढच्याच वर्षीच्या ग्लास्टनबरीवरच्या निकोलस रोग आणि पीटर नील यांच्या चित्रपटातही फेअरपोर्ट आहे, पण तिथे जत्रा हाच नायक, संगीत पार्श्वभूमीला. दोन्हीही बघावेत, शिकण्यासारखं मात्र पहिल्यातच.

आजच्या चित्रणांना रिळाचं बंधन नाही, कॅमेरे आठ-दहा, आणि तरी परिणाम पुष्कळदा वाईट. दर दोन सेकंदांनी दृश्य बदलतं, ठेक्यावर कापलेलं. रॉकला ते शोभतं. कथागीतात कात्री ठेक्यावर नाही, कडव्याच्या शेवटी चालवायला हवी, कारण ऐकणाऱ्याचा श्वास तिथे सुटतो. गायिका नोकराच्या तोंडचे शब्द म्हणत असताना गिटारवाल्याची बोटं दाखवणं म्हणजे कीर्तनाच्या आख्यानात मृदंगाच्या शाईचा क्लोजअप. तीन कॅमेरे पुरतात: एक लांबून स्थिर, एक गायिकेच्या चेहऱ्यावर, एक व्हायोलिनच्या उजव्या हातावर. उजव्याच, कारण रीलचा सगळा उच्चार गजात असतो. डाव्या हाताची बोटं फक्त शोभिवंत दिसतात.

गर्दीचा आवाज हा वेगळाच घोळ. फेअरपोर्टच्या कार्यक्रमाच्या अगदी शेवटी 'मीट ऑन द लेज' होतं, रिचर्ड थॉम्प्सनने विशीच्या आतबाहेर लिहिलेलं, आणि तेव्हा सगळं शेत गातं. ते टिपायला गर्दीत माइक लावतात, समजा मंचापासून पंधरा मीटरवर. आवाजाला तेवढं अंतर कापायला सुमारे ४४ मिलिसेकंद लागतात. मिश्रण करताना त्या माइकचं मुद्रण तेवढं आधी ओढून जुळवलं नाही तर प्रत्येक ड्रमला सावली पडते आणि गायन ओलं, पसरट होतं. मग संकलक कंटाळून गर्दीचा माइक जवळजवळ बंद करतो. वीस हजार माणसं ओठ हलवताना दिसतात, ऐकू येतो फक्त मंच. ज्या संगीतात ऐकणारा हा अर्धा गाणारा आहे, त्याच्या चित्रपटातून तो अर्धा काढून टाकला जातो.

आणि जे चित्रित झालं त्यातलं किती उरलं? बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत व्हिडिओ टेप महाग म्हणून पुसून पुन्हा वापरल्या. 'टॉप ऑफ द पॉप्स' या लोकप्रिय गाण्यांच्या कार्यक्रमाचे १९७६च्या आधीचे बहुतेक भाग गेले. १९६९च्या उन्हाळ्यात फेअरपोर्टचं एक फ्रेंच गाणं ब्रिटिश यादीत एकविसाव्या जागी पोहोचलं होतं, त्याच काळातल्या त्या टेपा. त्याच काळातला गायक निक ड्रेक याचं मोठेपणीचं गातानाचं हलतं चित्रण ठाऊकच नाही. सँडी डेनी १९७८मध्ये एकतिसाव्या वर्षी गेली; तिच्या एकटीच्या गायनाची चित्रणं मोजकीच, त्यातली १९७१च्या एका बीबीसी कार्यक्रमातली तीन गाणी लोक पुन्हा पुन्हा बघतात. नोव्हेंबर १९७७चा रॉयल्टी थिएटरमधला तिचा शेवटचा मोठा कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाला, पण टेपांत दोष होते. १९९८मध्ये तो बाहेर आला तेव्हा काही साथीचे भाग पुन्हा वाजवून भरलेले होते. आवाज तिचा, आजूबाजूचं काही वीस वर्षांनंतरचं. हे चूक म्हणता येणार नाही; पण आवरणावर ते ठळक सांगायला हवं.

जे उरलं आहे त्यातलं पुष्कळ कपाटात बंद आहे, आणि त्यामागे वादकांचे करार, रेकॉर्ड कंपन्यांचे हक्क, मांडणीचे हक्क अशी प्रत्येकाची वेगळी सही लागते. पेच खरा आहे. पण बीबीसीची ती चित्रणं ब्रिटनमधले टीव्हीधारक भरतात त्या परवानाशुल्काच्या पैशातून झाली, म्हणजे ज्यांनी ती पाहिली नाहीत त्यांनीही त्यांचे पैसे भरलेत. गाणी पारंपरिक. म्हणजे जनतेची गाणी, जनतेच्या पैशाने टिपलेली, आणि जनतेलाच बंद. यातून वाट काढायला फार मोठं धाडस लागत नाही. पहिलं, काय शिल्लक आहे याची यादी जाहीर करावी, कार्यक्रम, तारीख, मिनिटं, गाणी यांसह; यादी छापायला कुणाचीही सही लागत नाही. दुसरं, लंडनच्या कॅम्डन भागातल्या सेसिल शार्प हाउसमध्ये वॉन विल्यम्स यांच्या नावाचं लोकसंगीताचं ग्रंथालय आहे. हचिंग्जसारखे लोक तिथेच बसून गाणी शोधायचे. तिथे ही चित्रणं बसून बघायची सोय व्हावी. बघण्यासाठी ठेवणं आणि विकणं यांत हक्कांच्या दृष्टीने मोठं अंतर आहे. तिसरं, मांडणीच्या मानधनातला ठरावीक वाटा ज्या गायकाच्या गळ्यातून गाणं लिहून घेतलं त्याच्या गावाच्या नावाने बाजूला पडावा. शेवटची मागणी सगळ्यांत आधी फेटाळली जाईल, आणि ती फेटाळणाऱ्यांत काही लाडके बँडही असतील.

तोवर कुणाला सुरुवात करायची असेल तर 'लीज अँड लीफ'वरचं 'मॅटी ग्रोव्हज' आधी ऐकावं. मग त्याच अल्बमच्या २००७मधल्या क्रोप्रेडीच्या सादरीकरणाबद्दल शोधावं. जुना संच पुन्हा उभा राहिला होता, थॉम्प्सन, निकोल, स्वॉरब्रिक, हचिंग्ज, मॅटॅक्स, आणि सँडीच्या जागी क्रिस व्हाइल. तिने सँडीची नक्कल केली नाही. चुगली करायला नोकर पळाला तेवढ्यात अडतीस वर्षं गेली होती, आणि तो वेळेवर पोहोचला.